हिरड्याची मूठ

मलकापूरहून आंबा घाटाकडं जाताना डाव्या हाताला एक वाडी लागते. जनावरांच्या दवाखान्यात माझी बदली झाली त्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या लोकांनी मला तोंडावर सांगून टाकलं, "डाक्टर, म्हशीचं तुम्ही बघा. शेरडाचं मातूर रोशनबी बघती."

मी मनातल्या मनात हसलो. मी गडहिंग्लजकडचा, पाच वर्षं घासून पदवी घेतलेला. पण महिनाभरात माझं हसू जिरलं. रोशनबी तेव्हा चोपन्न वर्षांची होती. अंगानं काटक, आवाज खणखणीत, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या कोपराकडं सरकवलेल्या. गोठ्यात तीस शेरडं. लेंडी चिमटीत दाबून ती जनावराचं दुखणं सांगायची. अडलेली शेळी सोडवायला लोक तिला जेवणावरून उठवून न्यायचे आणि ती हात तसाच धुऊन निघायची. शेळीचं करडू आडवं आलं असताना तिनं ते बोटांनी फिरवून सरळ केलेलं मी स्वतः पाहिलंय. मला ते तेव्हा जमलं नसतं.

तिचा नवरा दिलदार डोंगरातल्या लोकांकडून हिरडा, शिकेकाई विकत घ्यायचा आणि कोल्हापूरला पाठवायचा. त्यामुळं घरात हिरड्याची पोती कायम. रोशनबीचं औषधही तेच. पावसाळ्यात कोवळा, पाणचट चारा खाऊन शेरडं हगवणीला लागली की ती वाळका बाळहिरडा कुटायची आणि चिमूटभर पूड गुळात घोळून चारायची. दोन दिवसांत लेंडी घट्ट. एका वर्षी आजूबाजूच्या गावांत हगवणीनं शेळ्या पटापट गेल्या, पण या वाडीत एकही दगावली नाही. बायकांच्या बचत गटाच्या बैठकीत मीच उभा राहून म्हणालो, "रोशनचाचींचं ऐका. त्यांच्या हिरड्यात दम आहे."

हे वाक्य मी बोललो होतो. विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

पुढच्या वर्षी कोल्हापूरचा हिरड्याचा व्यापारी फिरकलाच नाही. नऊ पोती घरात पडून राहिली. जून उजाडला, आभाळ भरून आलं, आणि रोशनबीच्या डोक्यात विचार आला की शेरडू आजारी पडायची वाट कशाला बघायची? आधीपासूनच चारलं तर हगवण लागणारच नाही. चिमटीची मूठ झाली. रोज सकाळी शेंगदाण्याच्या पेंडीत मूठभर हिरडा, तुरट लागू नये म्हणून वर गुळाचं पाणी. शेरडं भांडं चाटूनपुसून खायची. रोशनबी करते म्हटल्यावर वाडीतल्या आणखी चौदा घरांनी तेच सुरू केलं. तिनं सगळ्यांना कुटलेला हिरडा डबे भरभरून वाटला.

जुलैच्या शेवटाला तिनं मला बोलावलं. तिची सून शबनूर दारातच म्हणाली, "डाक्टर, अम्मी दोन दिवस नीट जेवली न्हाय. शेरडं वाळाय लागल्यात."

मी गोठ्यात गेलो. हगवण कुणालाच नव्हती. उलट लेंड्या बारीक, काळ्या आणि मिऱ्यासारख्या टणक. केस राठ झालेले, पाठीचा कणा हाताला लागत होता, दूध निम्म्यावर आलेलं. करडं जन्मली तेवढीच राहिली होती. पण पोटं मात्र भरलेली दिसत होती.

"खात्यात का?"

"खात्यात की! पेंड तर सोडतच न्हाईत. मग जातंय कुठं ते?" रोशनबीनं विचारलं.

मी पापण्या उलटून पाहिल्या, जंताचं औषध दिलं, आणि शहाणपणानं सांगितलं, "अंगात प्रथिनं कमी पडतायत चाची. पेंड वाढवा."

तिनं पेंड दुप्पट केली. आणि मूठ पेंडीच्या मापानं ठरलेली, म्हणून हिरडाही दुप्पट झाला. हे मला नंतर कळलं. मी हिरड्याचं विचारलंच नव्हतं आणि तिला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. औषधच ते, त्यात काय सांगायचं?

पंधरा दिवसांत तिच्या गोठ्यातल्या दोन शेळ्या गेल्या. मग एके सकाळी क्रांतीचा फोन आला. क्रांती सव्वीस वर्षांची. ब्लाउज शिवून साठवलेल्या पैशांतून तिनं दोन शेळ्या घेतल्या होत्या. त्यातली मोठी गाभण होती, आठवड्यावर आलेली. फोनवर ती एवढंच म्हणाली, "डाक्टर, पडली ती. पाय झाडती आणि बघती माझ्याकडं."

मी पोहोचलो तेव्हा शेळी गेली होती. मी शवविच्छेदन करायचं ठरवलं. गोठ्यामागं ताडपत्री अंथरली. क्रांती पदर तोंडाला लावून उभी होती, आणि बातमी ऐकून रोशनबीही अनवाणी धावत आली होती.

पोट उघडलं. पाठीच्या कण्यावर मांस म्हणून राहिलं नव्हतं, चरबीचा टिपूस नाही. उपासमारीनं मेलेल्या जनावराचं मढं असतं तसं. आणि शेळीच्या चार पोटांपैकी पहिलं, ज्याला आम्ही मोठं पोट म्हणतो, ते गच्च भरलेलं! आत पाटीभर चारा, त्यात पेंडीचे कण जसेच्या तसे. मूत्रपिंडं फिकट, सुजलेली. खाली दोन करडं, पूर्ण वाढायची राहिलेली, मांजराच्या पिलाएवढी. क्रांतीनं ती पाहिली आणि मटकन खाली बसली.

पोट भरलेलं जनावर उपाशी मेलं होतं. असलं काही मी आजवर पाहिलं नव्हतं.

रोशनबी पुढं सरकली. मी अडवायच्या आत तिनं हात आत घातला आणि पोटाचं आतलं अस्तर अंगठा आणि बोटात धरून चोळलं. एकदा चोळलं. परत चोळलं. मग तिचा चेहरा असा झाला की मीच घाबरलो.

"डाक्टर," ती म्हणाली, "ह्ये कमावलंय."

"काय?"

"कातडं. कमावलेलं कातडं आसं लागतंय बोटाला."

मला काही कळेना. तिनं हात बाहेर काढला, पण तो पुसला नाही, तसाच समोर धरून बोलत राहिली. तिचं माहेर कोल्हापुरात. तिचे वडील चपलांचं कातडं कमावणाऱ्यांकडं बाभळीची साल आणि हिरडा पोचवायचे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर जायची. हौदात साल आणि हिरड्याचं पाणी, त्यात कातडी बुडवून ठेवलेली. वडिलांना तिनं विचारलं होतं, हे कशाला? ते म्हणाले होते, कातडं कुजू नये म्हणून.

"कुजू न्हाय म्हणून घालत्यात ते," रोशनबी म्हणाली. "आन् मी रोज मूठ-मूठ शेरडाच्या पोटात घातलं. पोटात चारा कुजाया पायजे नव्हं डाक्टर? कुजल्याबिगर शेरडाला त्यातनं मिळणार काय?"

हे मी शिकलो होतो. परीक्षेत त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, वनस्पतींतला तुरट अंश, टॅनिन, प्रथिनांना कसा बिलगतो ते. आकृतीसुद्धा काढली होती. आणि पंधरा दिवस समोर शेरडं वाळत होती, घरात हिरड्याची नऊ पोती दिसत होती, तरी मला एकदाही ते उत्तर आठवलं नव्हतं. शाळेची पायरी चौथीनंतर न चढलेल्या बाईनं ते दोन बोटांनी ओळखलं.

"रोज देत होता? हिरडा?" मी विचारलं.

"रोज. समदी वाडी देती."

क्रांती उठून उभी राहिली. तिचा आवाज फार बारीक झाला होता. "म्हंजी चाची, तुमीच मारलीसा माझी शेळी?"

मी मध्ये पडलो. अजून तपासायचंय, नक्की काही सांगता येत नाही, असं काहीबाही बोललो. रोशनबीनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"व्हय," ती म्हणाली. "तसंच दिसतंय."

मी गाडीपाशी जाऊन पवित्राला फोन लावला. पवित्रा कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढं होती, आता पशुआहार शिकवते. मी सगळं सांगितलं.

"मूठभर? रोज?" ती म्हणाली. "शिवकुमार, किती दिवस?"

"सव्वादोन महिने."

"अरे देवा."

मग तिनं मला कॉलेजातल्या पोराला समजावतात तसं समजावलं आणि मी निमूट ऐकलं. शेळीच्या पहिल्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. चारा, पेंड ते फोडतात, त्यावर स्वतः वाढतात, आणि पुढं शेळी त्यांनाच पचवते. तिची निम्म्याहून जास्त प्रथिनं अशी त्या जीवांकडून येतात. तुरट अंश जास्त झाला की तो पेंडीतल्या प्रथिनांना घट्ट धरतो, त्या जीवांनाही जखडतो. पेंड आत जाते आणि लेंडीतून बाहेर पडते. मध्ये शेळीच्या हाती काही लागत नाही. शिवाय हिरड्यातला तुरटपणा पोटात फुटतो आणि रक्तात शिरून मूत्रपिंडं जाळतो.

"म्हणजे मी पेंड वाढवायला सांगितली…"

"पेंड वाढवली म्हणून काही बिघडलं नाही. हिरडा वाढला म्हणून बिघडलं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तू हिरड्याचं विचारलं नव्हतंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनबीच्या अंगणात चौदा घरच्या बायका जमल्या होत्या. निम्म्यांचा विश्वास बसत नव्हता. गेल्या वर्षी ज्यानं वाचवलं ते यंदा मारेल कसं? पवित्रानं मला एक साधी युक्ती सांगितली होती. शबनूरनं हिरडा उकळून गाळून आणला. मी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं, आणि कोंबडीच्या अंड्यातला पांढरा भाग त्यात ढवळला. पाणी जवळपास नितळ दिसत होतं.

"हे अंड्यातलं प्रथिन," मी म्हणालो. "पेंडीत असतं त्याच जातीचं. आता बघा."

मी हिरड्याचं पाणी ओतलं. पेल्यात एका क्षणात ढग उठले. मग त्यांच्या गुठळ्या झाल्या, आणि त्या हळूहळू तळाला बसल्या. पुढची बाई "अगं बाई!" म्हणून दोन पावलं मागं सरली. कुणीतरी पेला हातात घेऊन हलवला. गुठळ्या फिरल्या आणि परत तळाला गेल्या.

"आता ह्यातनं शेरडाला काय मिळणार?" रोशनबीनंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती उंबऱ्यावर बसली. आपल्या गोठ्यातलं एकेक जनावर ती डोळ्यांनी मोजत होती.

मी सगळ्यांसमोर बोललो. बैठकीत तारीफ मी केली होती, जंताचं औषध मी दिलं होतं, पेंड वाढवा मी सांगितलं होतं, काही खोल विचार न करता. रोशनबी उठली.

"तुमी गप बसा डाक्टर. मूठ माझी व्हती." मग बायकांकडं वळून, पूर्वीच्या त्याच खणखणीत आवाजात, "ज्येच्या घरात कुटल्याला हिरडा हाय त्यानं आत्ताच्या आत्ता हितं आणून टाका. डबा धुऊन घ्या. भांडी धुऊन घ्या. शेरडास्नी नुस्तं गवत आणि पाणी. पेंड न्हाय, काय न्हाय, डाक्टर सांगस्तवर."

एकेक जण उठली. दुपारपर्यंत अंगणात डबेच डबे. त्यात क्रांतीचा डबा नव्हता. म्हणून रोशनबी स्वतः तिच्या घरी गेली. क्रांतीनं डबा दाराबाहेर ठेवला आणि दार लावून घेतलं. रोशनबी तो उचलून परत आली. दिलदारनं संध्याकाळी उरलेली सगळी पोती टेम्पोत घातली आणि कोल्हापूरला कातडं कमावणाऱ्यांकडं नेऊन दिली.

उरलेल्या शेळ्यांसाठी पवित्रानं आणखी एक उपाय सांगितला होता. माणसांच्या बद्धकोष्ठावर मिळणारी एक पावडर टॅनिनला प्रथिनांपेक्षाही घट्ट धरते, आणि मग प्रथिनं मोकळी होतात. मी मलकापुरात मेडिकलवर गेलो आणि असतील तेवढे डबे मागितले.

"एवढे? कुणाला झालंय डाक्टर?"

"शेळ्यांना."

दुकानदारानं फळीवरचे सगळे डबे काढून दिले.

चौथ्या-पाचव्या दिवशी लेंड्या मऊ यायला लागल्या. शेरडं रवंथ करायला लागली, करडं उड्या मारायला लागली. पण ज्यांची मूत्रपिंडं गेली होती त्यांना कशाचाच उपयोग झाला नाही. आधीच्या धरून वाडीत अकरा शेळ्या गेल्या. सहा रोशनबीच्या. प्रत्येक वेळी निरोप आला की ती त्या घरी जायची, मेलेल्या शेळीपाशी बसायची, आणि घरच्या बाईला सांगायची, "माझ्यामुळं गेली." कुणी शिव्या दिल्या. गणपतराव नावाच्या म्हाताऱ्यानं तिला हात धरून बाहेर काढलं. ती दुसऱ्या दिवशी परत त्यांच्या गोठ्यात हजर, उरलेल्या दोन शेळ्यांना पावडरीचं पाणी पाजायला. त्यांनी मग तिला अडवलं नाही.

महिन्याभरानं पवित्राचा अहवाल आला. मी लेंड्यांचे नमुने पाठवले होते. चांगल्या शेळीच्या लेंडीत प्रथिनांतला जेवढा नायट्रोजन निघतो त्याच्या दुपटीहून जास्त यांच्या लेंडीत निघाला. म्हणजे चारलेली प्रथिनं लेंडीतून मातीत चालली होती. मला वाटलं, संपलं. पण अहवालाच्या शेवटी तिनं लिहिलं होतं की हाच तुरट अंश अगदी थोडा असेल तर उलटा फायदा होतो. पहिल्या पोटात पेंडीतली प्रथिनं गरजेपेक्षा लवकर फुटतात आणि बरीचशी लघवीतून वाया जातात. थोडं टॅनिन त्यांना तिथं धरून ठेवतं, पुढच्या आंबट पोटात गेल्यावर सोडतं, आणि शेळीला ती सरळ मिळतात. जंतही कमी होतात.

मी हे रोशनबीला सांगायला गेलो. तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती एकदम भडकली.

"आता ह्ये काय नवीन डाक्टर? मारतंय बी आन् तारतंय बी? कुठल्या मापाला तारतंय आणि कुठल्या मापाला मारतंय, ते शेरडू सांगणार हाय व्हय मला?"

"थोडं म्हणजे…"

"मला थोडं कळत न्हाय! मला कळत आसतं तर ह्ये झालं आसतं?" आणि ती रडायला लागली. अकरा शेळ्या गेल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडली. शबनूरनं येऊन तिचं डोकं छातीशी धरलं. मी चप्पल घालून गुपचूप बाहेर पडलो.

पण ती विसरली नव्हती. आठ-दहा दिवसांनी तिनं दवाखान्यात येऊन मला विचारलं, माप कसं काढायचं ते. मग आम्ही दोघांनी तिच्याच चार शेळ्यांवर बाभळीच्या शेंगांचं माप ठरवलं, त्याही तुरटच, पण हिरड्याहून सौम्य. हिरड्याला तिनं हात लावला नाही. दवाखान्यातला छोटा काटा मी तिला वापरायला दिला. रोजचं वजन, रोजचं दूध, रोजची लेंडी, शबनूर वहीत लिहायची. माप हळूहळू वाढवायचं, लेंडी जरा टणक झाली की थांबायचं. वर्षभरात चार शेळ्यांचं दूध वाढलं. रोशनबीनं ही गोष्ट वाडीत कुणालाही सांगितली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "एकदा सांगितलंतं की."

क्रांती तिच्याशी बोलत नव्हती ती नव्हतीच. समोरून आली की वाट बदलायची. रोशनबीनं आपल्या गोठ्यातली सगळ्यात दुधाळ शेळी तिच्या दारात नेऊन बांधली. क्रांतीनं ती सोडून परत आणून बांधली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा शेळी तिथंच राहिली. एवढंच. पुढं काही बोलणं झालं नाही, आजही फारसं होत नाही.

गेल्या वर्षी मलकापुरात शेळीपालनाचं शिबिर होतं. तालुक्यातून साठ-सत्तर बायका आल्या होत्या. मी रोशनबीला बोलायला लावलं. तिनं माईक हातात घेतला, सवय नसल्यानं लांब धरला, आणि पहिलंच वाक्य बोलली, "माझ्या हातानं अकरा शेरडं मेली."

तिनं काही लपवलं नाही. गाभण शेळी, मांजराच्या पिलाएवढी करडं, अंड्याचा पेला, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "लेंडी घट्ट झाली म्हंजी शेरडू बरं झालं आसं न्हाय. पाला तुरट लागला तर आधी सोत्ता चघळून बघा. जीभ कोरडी पडली तर शेरडाच्या पोटाची बी तीच गत हाय."

मागच्या रांगेत एक बाई उभी राहिली. पन्हाळ्याच्या खालच्या अंगाची होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मावशी," ती म्हणाली, "आमी चार महिने झालं बाभळीच्या शेंगाच घालतोय. दुसरं कायच न्हाय. सतरा शेरडं हायत. लेंड्या… तुमी सांगितलं तशाच."

रोशनबीनं माईक टेबलावर ठेवला, मंचावरून खाली उतरली, आणि त्या बाईला विचारलं, "एसटी किती वाजता हाय तुमच्या गावाला?"

"सव्वातीनला."

"चला," ती म्हणाली, आणि मला ओरडून सांगितलं, "डाक्टर, मेडिकलवरनं ती पावडर घिऊन मागनं या. आसतील तेवढे डबे घ्या."

मी निघालो. त्या सतरांपैकी पंधरा शेळ्या वाचल्या.